फ्रिजखाली पडलेला सतरा

नियमांच्या बाबतीत मला हरवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! ही फुशारकी नाही हं, वस्तुस्थिती आहे. सव्वीस वर्षं मी आमच्या ऑफिसात आस्थापना विभागात आहे. रजा, बदली, वेतनवाढ, कुणाचंही भिजत घोंगडं शेवटी माझ्याच टेबलावर येऊन वाळतं. एका कारकुनानं एकदा एकोणतीस फेब्रुवारीला अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. ती पुढच्या वर्षीच्या हिशेबात कशी धरायची, यावर मी साडेचार पानांची टिप्पणी लिहिली. साहेबांनी ती न वाचता सही केली. याला म्हणतात विश्वास!

तेव्हा आमची चिमी जेव्हा म्हणाली, "बाबा, या खेळाचे नियम जरा अवघड आहेत," तेव्हा मला नुसतं हसू आलं.

चिमी म्हणजे माझी मुलगी. वय अठरा, उंची माझ्यापेक्षा दीड बोट जास्त, तरी चिमीच. गेली तीन वर्षं दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर तिचा एक खेळ चालतो. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो. बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक पात्र घ्यायचं. आपलं पात्र काय करणार ते आपण तोंडानं सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. फासाही साधासुधा नाही, वीस तोंडांचा! म्हणजे थोडक्यात आमचं ऑफिसच. फक्त तिथे फासा साहेबांच्या हातात असतो.

चिमी सूत्रधार. तिची मैत्रीण हळूबाई, जी इतकं हळू बोलते की तिच्याशी बोलताना पंखा बंद करावा लागतो. ही पोरगी खेळात कुऱ्हाड घेऊन फिरणारी राक्षसासारखी योद्धी असते! तिसरा दाढी, चिमीचा मित्र. त्याला नुकतीच दाढी आलीये आणि ती तो आल्यागेल्याला दाखवतो. खेळात तो चोर. आणि चौथी, माझी बायको! ही हॉस्पिटलात वॉर्डची मुख्य सिस्टर. आठवडाभर तीस-तीस पेशंटना सुया टोचून येते आणि रविवारी टेबलावर म्हातारी वैद्यबाई बनून पुन्हा लोकांच्या जखमा बांधते. हौसेला मोल नाही, दुसरं काय.

मी आतल्या खोलीत पेपर घेऊन बसायचो. भिंतीपलीकडून तीन वर्षं त्यांचं खिदळणं ऐकलं. मला कुणी बोलावलं नाही असं मी सगळ्यांना सांगतो, पण ते खोटं आहे. पहिल्या महिन्यात चिमीनं दोनदा बोलावलं होतं. मीच म्हणालो होतो की असल्या पोरखेळाला मला वेळ नाही. मग तिनं विचारणं सोडून दिलं.

आणि आता गुरुवारी चिमी शिकायला दुसऱ्या गावी चालली होती. चार वर्षं! होस्टेल! घरात आठवडाभर बॅगांचा पसारा पडलेला. मला तिच्याशी काहीतरी बोलायचं होतं, पण नेमकं काय ते सुचेना. एकदा तिच्या खोलीत गेलो आणि विचारलं, "टॉर्च घेतलास का?" ती म्हणाली, "घेतला." दुसऱ्यांदा गेलो आणि विचारलं, "सुईदोरा?" ती म्हणाली, "तोही घेतला." तिसऱ्यांदा दारापर्यंत जाऊन परत आलो, कारण विचारायच्या वस्तूच संपल्या होत्या.

अशात कळलं की रविवारी त्यांचा शेवटचा डाव आहे, आणि नेमकी त्याच दिवशी बायकोची ड्यूटी. एक खुर्ची रिकामी!

"मी बसतो," मी म्हणालो.

चिमी बॅगेत मोजे कोंबत होती. तिचा हात तसाच आत राहिला. "तुम्ही? बाबा, तुम्ही?"

"का? मला काय फासा टाकता येत नाही?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग अशी हसली, की मी तीन वर्षं पेपर वाचण्यात घालवली याची मला लाज वाटली. "बसा ना! पण एक वचन द्या. नियम काढायचे नाहीत."

"छे छे! भलतंच काय!" मी म्हणालो, आणि दुसऱ्याच दिवशी तिचं नियमांचं पुस्तक डब्याच्या पिशवीतून ऑफिसात नेलं.

तीनशे वीस पानं! बारीक टाइप! मंडळी, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! लोकांना समुद्र बघून होतो तसा. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत मी दुसरं काही केलं नाही. महत्त्वाच्या जागी पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या, एकूण एकाहत्तर. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "नवीन परिपत्रक आलंय का?" मी गंभीरपणे "हो" म्हणालो. मला लेकीशी बोलता येत नव्हतं, पण तिचं पुस्तक वाचता येत होतं. तेवढंच वाचत होतो.

शनिवारी बायकोनं मला समोर बसवून सूचना दिल्या.

"अहो, ऐका नीट. माझी वैद्यबाई तीन वर्षं जिवंत आहे, तिला एका दुपारीत मारू नका. आणि तिची एक शिष्या आहे. लहान पोर होती, जंगलात सापडली, वैद्यबाईनं वाढवली. तिचं बोलणं चिमीच बोलते. तिच्यावर लक्ष ठेवा. अवखळ आहे, कुठेही धावते."

"तू निर्धास्त राहा," मी म्हणालो. "तिच्या केसाला धक्का लागणार नाही."

बायकोनं उसासा टाकला. सव्वीस वर्षांच्या संसारात हा उसासा मी ओळखायला शिकलोय, पण त्याकडे लक्ष द्यायला शिकलेलो नाही.

रविवार उजाडला. दुपारी तीनला टेबलावर बिस्किटं, पेन्सिली, फासे. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बसल्याबसल्या खिशातून एक कागद काढून चिमीपुढे सरकवला.

"हे काय?"

"लेखी निवेदन. माझं पात्र, म्हणजे वैद्यबाई, आज खेळ सुरू झाल्यापासून खेळ संपेपर्यंत सतत सावध राहील. पोच दे."

दाढीनं बिस्किट तोंडात तसंच धरलं. हळूबाई काहीतरी म्हणाली, ते ऐकू आलं नाही. चिमी मला म्हणाली, "बाबा, वचन दिलंत ना?"

"नियम कुठे काढला? नुसता कागद दिला!"

तिनं कपाळाला हात लावला, पण सही केली. माझ्यावरच गेलीये, कागद दिसला की सही करते.

खरं सांगतो, पहिला तास फार मजेत गेला. चिमी गोष्ट काय सांगते! मला माहीतच नव्हतं. धुकं म्हणाली की थंडी वाजायची. शिष्येचं बोलणं बोलताना आवाज बारीक करायची आणि मला "गुरुमाई" म्हणायची. मीही रंगात आलो. "बाळ, शाल घे," असं मी वैद्यबाईच्या आवाजात म्हणालो तेव्हा दाढीनं टाळी वाजवली. तीन वर्षं हे सगळं भिंतीपलीकडे चाललं होतं, आणि मी अग्रलेख वाचत होतो!

मग आम्ही एका पुलापाशी आलो.

चिमीनं आवाज खाली आणला. "नदीला पूर आलाय. पूल जुना आहे. पलीकडे डोंगरावर गड. शिष्या तुमच्यापुढे चार पावलं आहे. आणि अचानक! पुलाखालून दरोडेखोर वर येतात! तुम्ही सगळे बेसावध आहात. पहिल्या फेरीत तुम्हाला कुणालाच काही करता येणार नाही."

तुम्हाला म्हणून सांगतो, मी जीभ चावली होती. अगदी खरंच चावली होती! पण सव्वीस वर्षांची सवय. "सगळे" हा शब्द ऐकला आणि माझा हात आपोआप पिवळ्या चिठ्ठीकडे गेला.

"हरकत आहे," मी म्हणालो.

"बाबा."

"पान एकशे चौऱ्याऐंशी. बेसावधपणा सरसकट लावता येत नाही. ज्याचा त्याचा वेगळा ठरतो. आणि ज्या पात्रानं आधी सावधगिरी जाहीर केली असेल त्याला फासा टाकण्याचा हक्क आहे. बारा किंवा जास्त पडले तर तो सावध, पहिल्या फेरीत त्याला त्याचा डाव मिळतो. माझं निवेदन तुझ्यापाशी आहे, सहीनिशी."

"अरे वा, काका!" दाढी उडालाच. "म्हणजे आपण वाचणार!"

"तू नाही. तू निवेदन दिलेलं नाहीस."

दाढीचं तोंड उतरलं. चिमी म्हणाली, "बाबा, या वेळेपुरतं असू दे ना. गोष्टीसाठी गरजेचं आहे."

"गरज समजू शकतो. पण आज एकदा सूट दिली की उद्या पायंडा पडतो."

"उद्या खेळ नाहीचे, बाबा. हा शेवटचा आहे."

हे वाक्य मी ऐकलं. ते कुठे लागायला हवं होतं तेही मला आता कळतं. पण त्या क्षणी मी फासा उचलला होता, आणि माझं डोकं एकशे चौऱ्याऐंशी पानावर होतं.

फासा टाकला. जोरात टाकला, कारण आठवडाभर ऑफिस सुटल्यावर तिथल्या मोठ्या टेबलावर सराव केला होता. आमचं टेबल लहान! फासा बिस्किटांवरून उडाला, जमिनीवर दोन टप्पे घेतले आणि थेट फ्रिजखाली गेला.

"पुन्हा टाका," चिमी पटकन म्हणाली. "टेबलाबाहेरचा फासा धरत नाहीत."

"कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. सगळे तसंच खेळतात."

"चिमे, तीनशे वीस पानांत 'टेबल' हा शब्द एकदाही नाही. मी बघितलंय. फासा जिथे थांबला तिथे थांबला. जागेवर जाऊन पाहणी करायची!"

आणि मी, इस्त्रीच्या शर्टासकट, स्वयंपाकघरात पालथा पडलो. दाढीनं मोबाइलचा उजेड धरला. फासा आत, पार भिंतीजवळ, धुळीत. आकडा दिसत होता पण सात की सतरा ते कळेना. मी हात आत घातला. पोचेना. अजून घातला. बोट फाशाला लागणार एवढ्यात खट्ट! मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा फ्रिजच्या मागच्या जाळीत अडकला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ऐकलं होतं. मी हात घालून करून घेतलं.

"काका, ओढा ना बाहेर," दाढी म्हणाला.

"येत नाहीये. पण आता गाल जमिनीला टेकवला की आकडा दिसतोय. सतरा! चिमे, सतरा पडलेत! मी सावध आहे!"

टेबलापासून चिमीचा आवाज आला, जरा जड. "बरं. हळू, तू बेसावध. दरोडेखोराचा घाव बसला. तू बेशुद्ध पडलीस. दाढी, तूही बेसावध. आणि शिष्या... शिष्या पुलावरून पलीकडे धावत निघालीये."

"धावते? कुठे?" मी फ्रिजखालून ओरडलो. "पहिल्या फेरीत माझा डाव आहे! मी तिचा हात धरतो. वैद्यबाई म्हणते, कुठे चाललीस? थांब!"

"बाबा, सोडा ना तिला."

"का सोडू? नियमानं माझा डाव आहे!"

"बाबा, सोडा, प्लीज!" आणि चिमी चक्क रडायला लागली.

मला काही कळेना. मान वळवावी तर फ्रिजचा पाय नाकाला लागत होता. तिकडे हळूबाईची योद्धी मरते की जगते याचे फासे दाढीनं टाकायला घेतले होते. या खेळात बेशुद्ध पडलेल्याला तीन फासे मिळतात, तिन्ही हुकले की संपलं. आणि दाढी नेहमी घसा ताणूनच बोलतो. "पहिला हुकला! दुसरापण हुकला! आता तिसरा हुकला की खेळ खलास समजा!"

नेमक्या याच वेळी समोरच्या काकू आमचं भांडं परत द्यायला दारात आल्या.

आता तुम्हीच त्यांच्या जागी उभे राहून बघा. स्वयंपाकघरात मी पालथा, हालचाल नाही. लेक टेबलापाशी हुंदके देतेय, "बाबा, सोडा" म्हणतेय. एक पोरगी पांढरीफटक. आणि एक दाढीवाला ओरडतोय की आता खेळ खलास समजा. काकूंच्या हातातून भांडं पडलं. त्या आवाजानं मी दचकलो, डोकं फ्रिजवर आपटलं आणि कण्हलो. काकू किंचाळल्या, "अजून धुगधुगी आहे!" आणि पायऱ्या उतरून पळाल्या.

"काकू का आल्या होत्या?" मी विचारलं. चिमी तोंड पुसत होती, दाढी तेलाची बाटली शोधत होती आणि हळूबाई काहीतरी म्हणत होती.

दहा मिनिटांनी खाली सायरन वाजला. मी म्हणालो, "बिचारं कोण आहे कोण जाणे."

मी होतो!

काकूंनी हॉस्पिटलात फोन करून बायकोला काय सांगितलं ते मला आजवर पूर्ण कळलेलं नाही. पण बायको युनिफॉर्ममध्ये, मागे ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, त्याच्यामागे स्ट्रेचर आणि शेवटी पदर तोंडाशी धरून काकू, अशी वरात आत शिरली. बायको माझ्याशेजारी धपकन गुडघ्यांवर बसली. मोकळ्या हाताची नाडी धरली. ठोके मोजताना तिचा आकडा चुकला. तीस पेशंटच्या वॉर्डात कधी न चुकणारी बाई!

"अहो! अहो, ऐकू येतंय का? कुठे दुखतंय?"

"कुठे नाही गं. घड्याळ अडकलंय."

"काय?"

"सतरा पडलेत, ते बघायला गेलो होतो."

तिनं नाडी सोडली. आता तिचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि ते एका परीनं बरंच होतं. "मी तीन मजले धावत आले," ती म्हणाली. "पायऱ्या चढताना मला काय काय वाटलं, तुम्हाला कल्पना आहे? आणि तुम्ही फासा बघताय?" मग तिचं लक्ष चिमीकडे गेलं. "आणि ही का रडतेय?"

"मला नाही माहीत," मी प्रामाणिकपणे म्हणालो. "मी फक्त नियम सांगितला."

चिमी खुर्चीतून उठली आणि आईच्या शेजारी फरशीवर येऊन बसली. म्हणजे माझ्याही शेजारी. मला तिचे पाय तेवढे दिसत होते.

"आई, मी महिनाभर ठरवत होते शेवट कसा करायचा," ती म्हणाली. "शिष्येला पलीकडच्या गडावर शिकायला बोलावलंय. तिला जायचंय. पण निरोप घ्यायचा म्हटलं की तिच्यानं व्हायचं नाही. गुरुमाई नुसतं 'शाल घे' म्हणाली तरी ती तिथेच थांबेल. म्हणून मी दरोडेखोर आणले. सगळे बेसावध असले की कुणाला काही बोलता येणार नाही, कुणाला तिला धरता येणार नाही. आणि त्या एका फेरीत ती पूल ओलांडून जाईल. एवढंच होतं. तुझ्यासाठी लिहिलं होतं, आणि मग बाबा म्हणाले मी बसतो. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, आता दोघांसाठी होईल. आणि बाबा म्हणतात मी सावध आहे, मी तिचा हात धरतो."

फ्रिज तेवढा घरघरत होता, माझ्या कानाशी.

मी नियमांचा माणूस आहे, मंडळी, पण दगड नाही. मला कळलं. उशिरा कळलं, फरशीवर पालथा पडून कळलं, पण अगदी पायाच्या अंगठ्यापर्यंत कळलं. या पोरीला मी तीनदा काहीतरी विचारायला गेलो आणि टॉर्च आणि सुईदोरा यापुढे गेलो नाही. आणि तिलाही मला हेच सांगायचं होतं! तिनं त्यासाठी नदी आणली, पूर आणला, दरोडेखोर आणले. आम्ही बापलेक दोघेही एकाच मातीचे.

"मग आता?" मागून जाड आवाज आला. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर स्ट्रेचरवर बसून डोळे पुसत होता. "त्या पोरीला जाऊ देणार की नाही?"

"साबण आण," मी दाढीला म्हणालो.

बायकोनं माझ्या मनगटावर भांड्यांचा साबण ओतला. दोन हिसके, एक शिवी (माझी), आणि हात बाहेर आला. घड्याळ आतच राहिलं. पट्टा सुटताच पकडलेला फासा मुठीत होता. मी उठून बसलो. शर्टावर तीन वर्षांची धूळ.

"मी माझी हरकत मागे घेतो," मी म्हणालो. "चिमी बरोबर होती. टेबलाबाहेरचा फासा धरत नाहीत. सतरा बाद."

चिमीनं नाक ओढलं. "खरंच?"

"खरंच. पुन्हा टाकतो. आता बाराच्या खाली पडले की वैद्यबाई बेसावध, विषय संपला."

आम्ही सगळे टेबलाभोवती जमलो. काकूसुद्धा, भांड्यासकट. मी फासा अलगद ठेवल्यासारखा टाकला. तो वळला, वळला आणि थांबला.

वीस!

वीस तोंडांच्या फाशात सगळ्यात मोठा आकडा! जन्मात लॉटरी लागली नाही, तो मी, आणि नको तेव्हा वीस! दाढी पुटपुटला, "म्हणजे काका अतिसावध." ड्रायव्हर म्हणाला, "अरेरे." चिमी त्या फाशाकडे बघत राहिली. तिची आई माझ्याकडे बघत होती, आणि या वेळी तिनं उसासा टाकला नाही. ती वाट बघत होती.

मी पुस्तक ओढलं. पिवळ्या चिठ्ठ्या फडफडल्या. सव्वीस वर्षांत मी एक नियम वाकवलेला नाही, हे तुम्हाला सांगितलं पाहिजे. मी मुद्दाम घसा खाकरला.

"पान चारशे बारा," मी म्हणालो.

चिमीनं वर बघितलं. "बाबा, पुस्तक तीनशे वीस पानांचं आहे."

"परिशिष्ट आहे."

"परिशिष्ट?"

"तुम्ही लोक परिशिष्टं वाचत नाही, हाच तर घोळ आहे! त्यात स्पष्ट म्हटलंय," आणि मी शेवटचं कोरं पान उघडून त्यावर बोट ठेवलं, "की आपलं माणूस दूर निघालं असेल, तर घरच्यांनी कितीही लेखी निवेदनं दिलेली असोत, फाशात कितीही पडलेले असोत, त्यांना बेसावधच धरावं. त्यांना पहिल्या फेरीत काही करता येणार नाही. हात धरता येणार नाही. थांब म्हणता येणार नाही. त्यांनी फक्त..." इथे माझा आवाज गेला. "त्यांनी फक्त बघायचं. एवढंच लिहिलंय."

चिमी उठली आणि टेबलाला वळसा घालून येऊन तिनं माझ्या धुळीच्या शर्टात तोंड लपवलं. लहानपणी ताप आला की असंच करायची. मी तिच्या डोक्यावर साबणाचा हात ठेवला.

"गोष्ट पुरी कर," मी म्हणालो.

तिनं तिथूनच पुरी केली, तोंड न काढता. पूर होता, धुकं होतं, सगळे जागच्या जागी खिळले होते. शिष्या पूल ओलांडून गेली. पलीकडे पोचल्यावर तिनं एकदा मागे बघितलं, आणि गडाची वाट धरली. काकू हमसून हमसून रडल्या. त्यांना काय चाललंय ते शेवटपर्यंत कळलं नव्हतं. हळूबाईचा तिसरा फासा मधल्या मध्ये बायकोनं टाकला, तो लागला, ती वाचली. मग ड्रायव्हरच्या लक्षात आलं की ॲम्ब्युलन्स खाली भर रस्त्यात उभी आहे. बायको ड्यूटीवर परत गेली. सुपरिंटेंडेंटना तिनं काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही चिमीला बसवर सोडायला गेलो. मी मनाशी पक्कं ठरवलं होतं, सूचना द्यायच्या नाहीत, वस्तू विचारायच्या नाहीत. आणि जमलं! ती खिडकीत बसली. मी खाली उभा. तिनं हात बाहेर काढला, मी तो घट्ट धरला आणि म्हणालो, "चिमे, तू नसलीस की घर मला खायला उठणार आहे." एवढं एक वाक्य. अठरा वर्षांत पहिल्यांदा. ती म्हणाली, "मलापण, बाबा." बस सुटली. मी हात सोडला. ती शेवटचं वळण घेईपर्यंत मी तोच हात हलवत राहिलो, डोळे भरून, छाती काढून. वाटलं, शेवटी एक गोष्ट तरी आपण नीट केली.

"अहो," शेजारून बायको म्हणाली, "तुमच्या दुसऱ्या हातात काय आहे?"

मी बघितलं. दुसऱ्या हातात चिमीची मोठी बॅग होती. कपडे, अंथरूण, चपला, सगळी चार वर्षं त्या बॅगेत होती, आणि ती मी धरून उभा होतो.

टॅक्सी मिळाली. टॅक्सीवाला म्हणाला, "बस आत्ताच गेलीये ना? काळजी करू नका, सिग्नललाच गाठतो."

"एवढी घाई नको," मी म्हणालो. "पुढच्या गावी गाठली तरी चालेल."

बायको माझ्या आधीच आत बसली होती.